टिटवीची चार अंडी आणि चुन्याचे चार दगड

दादा मला ‘साहेब’ म्हणायला लागला की समजायचं, मागून शिवी येते आहे. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा एकाच वावराचे दोन तुकडे झाले आणि मध्ये बांध आला. बांधाच्या वरच्या अंगाला मी, खालच्या अंगाला दादा, आणि त्याच्याही खाली नाल्याच्या काठावर गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. एवढा भूगोल लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण याच उतारावरून खाली वाहत गेलं.

मी नाशकात राहतो. एका कॉलेजच्या कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी शेतकरी असतो. माझ्या शेतीत नांगर भाड्याचा, पेरणी भाड्याची, सोंगणी भाड्याची. माझं स्वतःचं असं तिथे फक्त मत असतं, आणि ते मी भरपूर पिकवतो.

त्यात पाखरांचा नाद लागला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, गोदावरीच्या काठाने चालताना एक सहकारी पक्षी दाखवायचा, आणि पन्नाशीला टेकल्यावर मी गळ्यात दुर्बीण अडकवली. बायको म्हणते, “दारात भाजीवाली हाका मारून जाते ती ह्यांना दिसत नाही. पलीकडच्या काठावरच्या बगळ्याने पापणी हलवली की मात्र दिसते.” ती दुर्बीण आणि कडेने लोंबणारी हिरवी टोपी घालून मी गावात उतरलो, त्या दिवशी पारावरच्या एकाने विचारलं होतं, “काय, रानात बिबट्या निघाला का?” दादा तिथेच होता. तो म्हणाला, “नाय रे. साहेब आलेत. साहेबांना आता वावरात पीक दिसत नाय, पाखरं दिसतात.”

आता विहिरीचं. गेल्या वर्षी पाण्याची तपासणी झाली आणि पाण्यात खताचा अंश सापडला. आपण गव्हाला, कांद्याला ओंजळीने युरिया देतो. पिकाला लागतो तेवढा पीक घेतं, उरलेला मातीत राहतो आणि पहिल्या पावसात उतारावरून, मातीतून झिरपत विहिरीत येतो. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाला ते पाणी वाईट. विहिरीवर पाटी लागली : ‘हे पाणी लहान बाळांना देऊ नये.’ आणि गावात तेव्हा सगळ्यात लहान बाळ होतं ते दादाची नात. चार महिन्यांची. तिच्या दुधाच्या भुकटीत घालायचं पाणी दादा रोज सकाळी मोटरसायकलवर शेजारच्या गावाहून आणायचा. पायांच्या मध्ये वीस लिटरचा जार, वर दादाची हनुवटी. साठीला आलेला माणूस.

म्हणून दादाने पाणी समिती काढली आणि तोच तिचा अध्यक्ष झाला. शेतकी खात्यातल्या एका बाईंना बोलावून त्याने नियम ठरवून घेतला. विहिरीवरच्या उताराच्या सगळ्या वावरांत गहू निघाल्यावर खोल नांगरट करायची नाही. त्याऐवजी उताराला आडवी, हलकी वखरपाळी घालायची, तीही अक्षय तृतीयेच्या आत. म्हणजे पाऊस मातीत मुरतो, सांडलेला दाणा आणि तण पहिल्या पावसात उगवून येतात, मग ताग पेरायचा, आणि या हिरव्याच्या मुळ्या उरलेलं खत धरून ठेवतात. नियम शहाणा होता. मला तो कळलाही होता. मारुतीच्या मंदिरातल्या बैठकीत मी सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. दादाने माझ्याकडे संशयाने बघितलं. पुढे काय होणार हे त्याला माझ्या आधी कळलं असावं.

झालं असं की मी वखरपाळी घातलीच नाही. गहू मार्चच्या मध्याला निघाला, ट्रॅक्टरवाल्याला ‘पुढच्या रविवारी’ म्हणून मी दोन-तीन वेळा सांगितलं, आणि दर रविवारी बांधावर बसून पाखरं बघत राहिलो. गव्हाच्या धसकटांत दाणा सांडलेला. चंडोल यायचे, होले यायचे, एकदा तितराची जोडी आली. परदेशी जायच्या आधी भोरड्यांचे थवेच्या थवे उतरले. खालच्या अंगाला दादाचं वखरलेलं वावर उघडंबोडकं पडलेलं होतं. मी वहीत लिहिलं, ‘धसकट राखलेल्या शेतात पक्ष्यांची विविधता जास्त.’ खरं म्हणजे लिहायला हवं होतं, ‘आळशी माणसाच्या शेतात.’

एप्रिलच्या सुरुवातीला एका रविवारी बांधापासून पंधरा-वीस पावलांवर टिटवी माझ्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. मी उभा राहिलो तिथून दोन पावलं पुढे, एका उंचवट्यावर, धसकटांच्या मधल्या मोकळ्या जागेत चार अंडी होती. मातीच्या रंगाची, काळे ठिपके, टोकं आत वळवलेली. घरटं असं काही नाहीच. चार खडे आणि थोडं काड.

मी हिशेब केला. पिलं बाहेर यायला चार आठवडे. अक्षय तृतीया त्याच्या आठ-दहा दिवस आधी. मी बांध उतरून दादाकडे गेलो. तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता.

“दादा, मला दहा दिवस जास्तीचे दे.”

“कशाला?”

“टिटवीने अंडी घातलीत वावरात.”

त्याने नळी खाली ठेवली. “वावर वखरायला तुला महिना झाला वेळ नाय. आणि आता टिटवीचं कारण काढलं होय?”

“कारण नाही रे. खरंच अंडी आहेत. दाखवू का?”

“नको. मला जार आणायला जायचंय,” दादा म्हणाला. “साहेब, तुझी टिटवी मोठी. माझी नात बारकी.”

मी म्हणालो, “आपल्या घरात टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज सांगायचे. तुझे वडील सांगायचे, माझे सांगायचे. उंचावर अंडी असली तर पाऊस चांगला. तेव्हा त्या जागेला कुणी वखर लावायचं का?”

“तेव्हा युरियाची गोणी नव्हती,” दादा म्हणाला, “आणि विहिरीवर पाटी पण नव्हती.”

हे उत्तर इतकं बरोबर होतं की मला त्याचा मनापासून राग आला.

बांधावर वहिनी आली होती. जार रिकामा झालाय हे सांगायला आली असावी. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याशी नेहमी हसून बोलते, त्या दिवशी बोलली नाही. एवढंच म्हणाली, “भाऊजी, पाखराला तुम्ही दहा दिवस मागता. माझ्या पोरीला सकाळचं दूध दहा दिवसांनी देऊ का?” आणि पदर खोचून निघून गेली. तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि वरून टिटवी ओरडली. माझी बाजू तिनेच मांडली, पण तिची भाषा वहिनीला कळत नव्हती.

आता मी जो मूर्खपणा केला तो नीट सांगतो, कारण आमच्याकडे लग्नाकार्यात हीच गोष्ट मला सांगायला लावतात आणि इथे आल्यावर सगळे पानावरून मान वर करतात.

मला वाटलं, ट्रॅक्टरवाला चुकून अंड्यांवरून जाईल. म्हणून पुढच्या रविवारी मी नाशकातून चुन्याचा डबा घेऊन गेलो. नाल्यातले चार दगड उचलून आणले, त्यांना चुना फासला आणि अंड्यांच्या भोवती चार कोपऱ्यांना मांडले. एका दगडाजवळ काठी रोवून लाल फडकं बांधलं. लांबून छान दिसत होतं. फोटो काढला, घरी पाठवला. बायकोचं उत्तर आलं, ‘कशाचं भूमिपूजन आहे?’

ते चार दगड बांधाला समांतर दोन रेषांत आले होते. आणि बांधावरचं आमचं जुनं दुखणं मी साफ विसरलो होतो. वाटणीच्या वेळी बांध हातभर इकडे की तिकडे, यावरून दोघांचे वडील आयुष्यभर कुरकुरत राहिले होते. शेतकऱ्याच्या डोळ्याला वावरात चुन्याचे दगड आणि लाल फडकं म्हणजे एकच गोष्ट : मोजणी. सरकारी माणूस साखळी घेऊन येऊन गेला आणि खुणा लावून गेला.

संध्याकाळी मी नाशिकच्या बसमध्ये बसलो होतो तेव्हा दादाचा फोन आला.

“मोजणी आणली तू?”

“काय?”

“वावरात चुना मारला. बांधाला धरून खुणा रोवल्या. मला न सांगता मोजणी आणली? बापाच्या मागं भाऊबंदकी काढली?”

“दादा, ते टिटवीसाठी आहे.”



“टिटवीची मोजणी केली तू?” दादा म्हणाला.

बसमध्ये शेजारचा माणूस कान लावून ऐकत होता. मी काहीतरी समजावत राहिलो. दादा म्हणाला, “साहेब, गावात ये. मंदिरात ये. चारचौघांत सांग,” आणि फोन ठेवला.

मी गेलो. त्याच मंगळवारी, रजा टाकून, सकाळच्या बसने. मंदिरात समितीचे आठ-दहा जण आणि न बोलावलेले वीस. दादाने बसायला सांगितलं नाही. मी उभाच राहिलो, कॉलेजात उशिरा आलेला विद्यार्थी उभा राहतो तसा. मी पक्ष्यांबद्दल बोललो. टिटवी जमिनीवर अंडी घालते, ती किडे खाते, पिलं तासाभरात चालायला लागतात, तेवढे दहा दिवस मिळाले तर मी स्वतः उभा राहून वावर वखरून घेईन. माझ्या फोनमध्ये चित्रं होती ती दाखवायला मी फोन फिरवला. तो एकाच्या हातात गेला आणि परत आलाच नाही, कारण त्यात त्याला माझ्या मेहुणीच्या लग्नातला नाच सापडला.

दादा म्हणाला, “नियम सगळ्यांना एक. ह्याला सोडलं तर उद्या प्रत्येकाच्या वावरात टिटवी निघंल.”

मग समितीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून सगळे ओरडून बोलतात, त्यांनी मला जवळ बोलावलं. “अंडी कुठं हायेत?” त्यांनी विचारलं. “खोलात का उंचावर?”

“उंचवट्यावर,” मी ओरडलो.

“लय उंच?”

“वावरातली सगळ्यात उंच जागा.”

मंदिरात एकदम आवाज बदलला. कुणी म्हणालं, “मंग औंदा चांगला हाय.” कुणी विचारलं, किती अंडी. चार म्हटल्यावर दोघांनी बोटं मोजली, चार महिने पाऊस. दोन वर्षं पावसाने दगा दिलेला. पाच मिनिटांत ती माझी टिटवी राहिली नाही, गावाची झाली. म्हाताऱ्यांनी जाहीर केलं, “ज्या वावरात टिटवीची अंडी असतील त्याला पिलं निघंस्तोवर सूट द्यावी.” हात वर झाले. दादाचा हात गुडघ्यावर राहिला.

आपल्याच समितीत तो हरला होता, आणि तेही माझ्यामुळे. बाहेर पडताना तो माझ्या कानाशी आला. “जिंकला ना? आता बघ.”

बघावं लागलं. पुढच्या रविवारपर्यंत विहिरीवरच्या उतारात पाच वावरांत टिटव्या निघाल्या. दादाने सांगितलं होतं अगदी तसंच. ज्यांना ट्रॅक्टरला पैसे घालायचे नव्हते, ज्यांना वेळ नव्हता, ज्यांना दादाचा राग होता, त्या सगळ्यांकडे अंडी. दादाने मला मंदिरासमोर थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “नियम तू मोडला. आता तपासणी तू करायची. आपल्याला काय कळतंय पाखरातलं? साहेबांना कळतं.”

नाही कसं म्हणणार? मी आठवडाभराची रजा टाकली. गावातल्या रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरली आणि एप्रिलच्या उन्हात टोपी घालून वावरं फिरायला लागलो.

पहिल्या वावरात शेतकरी म्हणाला, “सकाळी होती.” दुसऱ्यात म्हणाला, “टिटवी ओरडते ना, मंग अंडी असतीलच,” आणि आम्ही दोघं अर्धा तास ती ओरडायची वाट बघत उभे राहिलो. ती ओरडली नाही, त्याची म्हैस ओरडली. तिसऱ्यात खरोखर अंडी होती, पण साळुंकीची, निळी, विहिरीच्या कपारीतून काढून धसकटांत आणून ठेवलेली. चौथ्यात तर गावठी कोंबडीची चार पांढरी अंडी गोल मांडलेली होती, एकावर कोंबडीचं पीससुद्धा चिकटलेलं.

“ही टिटवीची नाहीत,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“पांढरी आहेत.”

“अवो, उन्हानं पांढरी पडली,” तो म्हणाला. मागे त्याची बायको फिसकन हसली आणि घरात पळाली.

मी वहीत ‘नाही’ असं लिहिलं. पाचव्या वावरातही ‘नाही’च. संध्याकाळी वही दादाला दिली. पाचही जणांना दोन दिवसांत वखरपाळी घालावी लागली. त्यानंतर गावात कुणी मला पाणी विचारेना. चहाच्या टपरीवर मी गेलो की गप्पा थांबायच्या. कोंबडीवाला समोरून आला की रस्त्यावर थुंकून पुढे जायचा. दादाचा राग होताच, आता गावाचाही झाला. माणसांची बाजू घेतली तर पाखरांचा शत्रू आणि पाखरांची घेतली तर माणसांचा, असं मला वाटत होतं. मी तर दोन्हींकडून शत्रू झालो होतो. स्वतःचं कौतुक वाटावं इतकी दुर्मीळ कामगिरी.

वही दिली त्याच सोमवारी संध्याकाळी मी माझ्या वावरात गेलो. टिटवी ओरडली नाही. हेच आधी लक्षात यायला हवं होतं. चार पांढरे दगड जागच्या जागी होते. लाल फडकं वाऱ्यावर हलत होतं. मधली जागा रिकामी होती. एका दगडाजवळ कवचाचा तुकडा आणि सुकलेलं पिवळं.

दोन डोमकावळे बाभळीवर बसले होते. मला बघून उडालेही नाहीत.

पुढे मी एका जाणत्या पक्षी-निरीक्षकाला फोन केला तेव्हा त्याने जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात असतं आणि मी वाचलेलं नव्हतं. जमिनीवरच्या अंड्यांजवळ खूण करू नये. कावळ्याला खूण कळते. रोज जाऊन बघू नये, कारण आपण कुठे थांबतो हे तो वरून बघतो. टिटवीने अंडी मातीच्या रंगाची घातली होती, दिसू नयेत म्हणून. मी त्यांच्या चार बाजूंना चुना लावला होता, दिसावीत म्हणून.

आता मी काय केलं? काहीच नाही. चूप बसलो. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी कुणी विचारलं तर म्हणायचो, “बसली आहे.” पाच जणांची खोटी अंडी पकडणारा मी, गावातलं उरलेलं एकमेव घरटं माझं, आणि तेच रिकामं होतं. दादाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू जिंकलास?  मी स्वतःला सांगत होतो, पाखरं परत येतील, तीच जागा निवडतील, धसकटं तशीच राहू द्यावीत. खरं कारण साधं होतं. मला दादाचं तोंड बघायचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दादा स्वतः आला. बरोबर समितीचे तिघं, आणि ते ऐकू न येणारे म्हातारे काठी टेकत. म्हाताऱ्यांना अंडी डोळ्यांनी बघायची होती, टोकं कुठल्या दिशेला आहेत ते बघून पावसाचा महिना सांगायचा होता. मागे वहिनी कडेवर नातीला घेऊन. बाळ पदराआडून दगडांकडे बघत होतं.

दादा चुन्याच्या दगडांपाशी थांबला. खाली वाकला. उभा राहिला.

“कुठायत?”

“कावळ्यांनी नेली,” मी म्हणालो.

“कधी?”

मी काठीवरच्या लाल फडक्याची गाठ सोडायला लागलो.

“कधी नेली, साहेब?”

“सोमवारी.”

“आज शुक्रवार हाय.”

म्हाताऱ्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हणतो?” शेजारी त्यांच्या कानात ओरडला, “अंडी नायत! सोमवारपासून नायत! खोटं बोलला!” ते सगळ्या शिवारात ऐकू गेलं. कोंबडीवाला लांबच्या बांधावर उभा होता, त्याने दोन्ही हात कपाळाला लावून मला नमस्कार केला. तसा नमस्कार मला अजून कुणी केलेला नाही.

दादाने मला शिवी दिली नाही. त्याने एक दगड उचलला, हाताला लागलेला चुना बघितला, आणि दगड बांधापलीकडे नाल्याच्या दिशेला फेकला. मग दुसरा. तिसरा. चौथा मी उचलला आणि फेकला, पण तो बांधापर्यंतही गेला नाही. वहिनी म्हणाली, “चला, पोरीला ऊन लागतंय.” तासाभरात ट्रॅक्टर आला. मी बांधावर उभा राहून माझं वावर आडवं वखरलं जाताना बघितलं. वखर उथळ चालत होता, धसकटं उपटून वर येत होती, आणि त्यामागे बगळे किडे टिपत चालले होते. मी ते वहीत लिहिलं नाही.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मे महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला दादा एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. वाढपी आमच्या मधून आमरस घेऊन पळत होते.

मेच्या शेवटच्या रविवारी मी गावी गेलो, ताग कधी पेरायचा ते ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला. बांधावरून चालताना टिटवी ओरडली. माझ्या वावरात नाही. दादाच्या. त्याच्या वखरलेल्या, उघड्याबोडक्या वावरात, जिथे एक धसकट शिल्लक नव्हतं. मी उभ्या उभ्या शोधलं आणि दिसली. ढेकळांच्या मधे, जरा उंचशी जागा, मादी बसलेली. टिटवीला धसकट लागतच नाही. तिला उघडी जमीन आवडते, खड्यांची, ढेकळांची. तिने माझं वावर निवडलं होतं ते धसकटांमुळे नाही. अंडी तर धसकटांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. महिनाभर मी ज्या धसकटांसाठी भांडलो ती चंडोल आणि तितरासाठी ठीक होती. टिटवीसाठी दादाचा नियमच बरा होता, फक्त तो वेळेवर, अंडी घालायच्या आधी पाळायला हवा होता. मार्चमध्ये. ‘पुढच्या रविवारी’ म्हणायच्या आधी.

तीच जोडी होती की दुसरी, सांगता येणार नाही. पाखराच्या पायात आधार कार्ड नसतं.

मग माझ्या लक्षात आलं की दादाने वावरात दुसरी पाळी नुकतीच घातली होती. तागासाठी. ताज्या ओळी आडव्या गेलेल्या, सरळ, दादाच्या. आणि त्या जागेपाशी ओळी वळलेल्या होत्या. खाटेएवढा एक तुकडा जुन्या पाळीचाच राहिला होता. त्यावर ना दगड होता, ना काठी, ना फडकं. लांबून बघितलं तर ट्रॅक्टरवाल्याचा हात चुकला असं वाटावं.

दादा नाल्याकडून वर येत होता. मला बघून थांबला. मी बांधाच्या माझ्या बाजूला, तो त्याच्या. महिन्यानंतर पहिल्यांदा मी बोललो.

“ट्रॅक्टरवाल्याने मधे जागा सोडली का रे?”

“खडक लागतो तिथं,” दादा म्हणाला.

त्या वावरात मी लहानपणी ढेकळं फोडली आहेत, भुईमूग उपटला आहे, मातीत पाय रोवून रडलो आहे. तिथे कुठेही खडक नाही. दादालाही माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी म्हणालो, “असेल.”

“असेल काय? हाय,” तो म्हणाला, आणि मग, पुढे जाता जाता, “दुर्बीण लावू नको तिकडं. आणि रस्ता त्या बाजूनं हाय. माझ्या वावरातून जायचं नाय.”

मी रस्त्याने गेलो.

जूनच्या बैठकीला मी नव्हतो. दादाने नियम बदलला असं मला दुसऱ्याकडून कळलं. पुढच्या वर्षीपासून वखरपाळी गहू निघाल्यापासून पंधरा दिवसांत, अक्षय तृतीया नाही. आणि एकदा पाळी घातली की ताग पेरायच्या वेळेपर्यंत वावरात कुणी पुन्हा नांगर-वखर घालायचा नाही. कुणीतरी कारण विचारलं तर तो म्हणाला, “म्हणजे मंग कुणी टिटव्या दाखवायला नको.” माझं नाव घेतलं नाही, पण मंदिरात सगळे हसले असं ऐकलं. हसणारच.

विहिरीवरची पाटी अजून आहे. पाणी बदलायला दोन-तीन पावसाळे लागतील असं त्या शेतकी खात्यातल्या बाई म्हणाल्या. दादा अजून पायांच्या मधे जार घेऊन जातो.

पाऊस लागायच्या आधी एका सकाळी कचेरीत वहिनीचा फोन आला. ती मला कधीच फोन करत नाही. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, मला वाटलं बाळाला काही झालं. मागे बाळाचा आवाज येत होता, ओरडत होतं, पण रडत नव्हतं.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “खडकातून पिलं निघाली. तीन हायेत, एक अंडं तसंच राहिलं.”

“अरे वा,” मी म्हणालो. “मी रविवारी—”

“त्यासाठीच फोन केला,” ती म्हणाली. “तुम्ही येऊ नका बघायला.”